हॅसलब्लाडवर इवल्या रानफुलांचे क्लोज-अप

प्रश्न : माझ्याकडे हॅसलब्लाड ५०० सी/एम हा फिल्म कॅमेरा आणि ८० मिमीची लेन्स आहे, ती सुमारे ९० सेंमीपेक्षा जवळ फोकस होत नाही. कासच्या पठारावरील सीतेची आसवे या रानफुलासारखी सेंटिमीटरभराची फुले टिपण्यासाठी ३२ मिमीची एक्स्टेन्शन ट्यूब (कॅमेरा आणि लेन्स यांच्यामध्ये बसवायची पोकळ नळी) पुरेल का?

उत्तर : एकटी पुरणार नाही. लेन्सचा फोकस अनंतावर ठेवल्यास या ट्यूबने फूल फिल्मवर ०.४ पट, म्हणजे ५६ मिमीच्या चौकटीत अवघे ४ मिमी उमटेल. या ट्यूबला आणखी ५६ मिमीची ट्यूब जोडल्यास मात्र फूल मूळ आकाराहून किंचित मोठे येईल, आणि ट्यूबमध्ये काच नसल्याने मला ती लेन्सपुढे लावायच्या क्लोज-अप फिल्टरच्या भिंगापेक्षा केव्हाही सरस वाटते.

उत्तर : वरील मताशी सहमत आहे, परंतु फूल फिल्मवर मूळ आकाराएवढे घेताना २ स्टॉप, म्हणजे चौपट, प्रकाश वाढवावा लागतो आणि हातातला लाइटमीटर हे सांगत नाही. एफ/१६ इतक्या बारीक छिद्रालाही जेमतेम ३ मिमी खोली स्पष्ट येत असल्याने कॅमेरा पाकळीला समांतर ठेवावा, हादरा टाळण्यासाठी कॅमेऱ्यातला आरसा आधीच वर उचलावा आणि वारा पडेपर्यंत केबल रिलीज (शटरची तारेची कळ) दाबू नये. कृपया चौकटीसाठी शेजारची रोपे मात्र तुडवू नयेत.