बॉम्बे बीचला (सॉल्टन सी) फोटो काढायला जायचंय, माहिती हवी

सॅनडिएगोकर:
नमस्कार मंडळी. डिसेंबरच्या सुट्टीत कॅलिफोर्नियातल्या सॉल्टन सी या खाऱ्या तळ्याकाठच्या बॉम्बे बीच गावाला जायचा विचार आहे. आधी नावानेच ओढलं, मग १९६०च्या आसपासचे वॉटर स्कीइंगचे फोटो आणि आताची पडकी घरं पाहिली. उजेड कधी चांगला असतो? रिकाम्या घरांत शिरता येतं का?

खारं_वारं:
चार हिवाळे जातेय तिथे. गाव पूर्व काठावर आहे. सकाळी ऊन तुमच्या पाठीमागून येतं, पाण्यातल्या खांबांवरचा मीठाचा थर नीट उठतो. संध्याकाळी सूर्य समोर पाण्यापलीकडे मावळतो, तेव्हा नुसत्या काळ्या आकृत्या. पांढऱ्या मीठामुळे कॅमेरा फसतो आणि फोटो काळपट येतो, एक्स्पोजर एक स्टॉप वाढवून घ्या, म्हणजे दुप्पट उजेड.

पायाखाली बघा. वाळू वाटते ती वाळू नाही. बार्नेकलची (खांबांना चिकटून राहणारे छोटे जलचर) कवचं आणि तिलापिया माशांची हाडं आहेत. मी मूठभर उचललं तर मणके माळेतल्या मण्यांसारखे सुटे झाले, प्रत्येकाला मधोमध भोक.

घरांत शिरू नका. पहिल्या वर्षी एका घराच्या गंजलेल्या जाळीच्या दाराचा फोटो घेत होते आणि आतला पडदा हलला. एक आजी बाहेर आल्या. रागावल्या नाहीत, पण मला फार लाज वाटली. तिथे अजून माणसं राहतात हो! तेव्हापासून आधी विचारते.

फिरस्ता७:
त्याच तळ्याकाठच्या नॉर्थ शोअर गावचा यॉट क्लब पडका समजून जाऊ नका. वास्तुविशारद आल्बर्ट फ्रायची १९५९ची इमारत आहे, दुरुस्त करून आता तिथे समाजकेंद्र चालतं. आणि बॉम्बे बीचवर दिसतं ते सगळंच जुनं नाही. २०१६पासून कलाकार तिथे जमतात, बऱ्याच वस्तू त्यांनी मांडलेल्या आहेत.

सॅनडिएगोकर:
धन्यवाद दोघांनाही. पण गाव असं झालं कशाने? पुरामुळे ना?

खारं_वारं:
पूर एक कारण. १९७६ आणि ७७च्या वादळांनी पाणी चढलं, सखल घरं बुडाली. मुळात हे तळंच अपघाताने झालेलं. १९०५ला कोलोरॅडो नदी कालवा फोडून या खोलगट भागात शिरली, १९०७पर्यंत वाहत राहिली. बाहेर जायला वाट नाही, त्यामुळे शेतातून आलेलं मीठ साठत गेलं. आता ते समुद्राहून खारट आहे. मासे मेले, वास सुटला, पर्यटक गेले.

आता पाणी उलट आटतंय. तुम्ही सॅन डिएगोचे म्हणून मुद्दाम सांगते, २००३च्या करारानुसार इम्पीरियल खोऱ्यातल्या शेतीचं पाणी तुमच्या शहराकडे वळवलंय. शेतातून तळ्यात येणारा निचरा घटला. उघड्या पडलेल्या तळाची धूळ उडते, गावातल्या मुलांना दम्याचा त्रास होतो. वाऱ्याच्या दिवशी हे फोटोतही दिसतं, तो फोटो जरूर घ्या. फक्त लेन्स गाडीतच बदला.

आणि गाडी काठापर्यंत नेऊ नका. वरून कडक दिसतं, खाली चिखल. माझं चाक रुतलं तेव्हा त्याच आजींनी फळ्या आणून दिल्या होत्या.