परतावा मागणं म्हणजे संपाला विरोध नव्हे

विद्यापीठातल्या प्राध्यापकांच्या संपात बुडालेल्या तासांची फी मुलांना परत मिळावी का, या चर्चेत कुणीतरी म्हटलंय, "संप प्राध्यापकांचा आणि भुर्दंड मुलांना, तासामागे पैसे परत घ्या." २०१८ च्या संपात मी इंग्लंडमध्ये शिकत होतो, म्हणून थोडी भर.

तेव्हाचं भांडण पगारवाढीचं नव्हतं, यूएसएस या प्राध्यापकांच्या पेन्शन योजनेचं होतं. २२ फेब्रुवारीपासून टप्प्याटप्प्याने १४ दिवस संप. त्यातच बर्फ! आमचे सर हातमोजे घालून फलक धरून दारात उभे, आणि आमच्यातले काही थर्मासमधून चहा नेऊन देत होते. त्याच दारात परताव्याच्या अर्जावर सह्याही चालल्या होत्या. गंमत म्हणजे दोन्हीकडे बरीचशी माणसं तीच, मीही त्यातलाच.

कारण संपाच्या दिवसांचा पगार विद्यापीठ कापतं, तो त्यांच्याच तिजोरीत राहतो. फी मात्र पूर्ण. १९९८ ला ती वर्षाला जास्तीत जास्त १,००० पौंड होती, २०१२ ला ९,००० झाली, आणि त्या संपाच्या वेळी ९,२५०. परदेशातून आलेल्यांना याहून बरीच जास्त. मुलांना गिऱ्हाईक या व्यवस्थेनेच केलं, मग त्यांनी पावती दाखवली तर चिडायचं कशाला?

फक्त तासाचा भाव काढणं मला पटत नाही. ग्रंथालय चालूच होतं. खरं झोंबलं ते प्राध्यापकांनी २०२३ ला पेपर तपासण्यावर टाकलेल्या बहिष्कारात. पेपर तपासलेच नाहीत, काहींची पदवी रखडली. नोकरी अडकली तर ते कुठल्या तासात मोजणार?

आणि हो, विद्यापीठाची तक्रार प्रक्रिया संपली की ओआयएकडे, म्हणजे इंग्लंड-वेल्समधल्या विद्यार्थ्यांच्या तक्रारी पाहणाऱ्या स्वतंत्र संस्थेकडे, दाद मागता येते. विद्यार्थ्याला एक पैसाही पडत नाही.