मदत हवी आहे: गिंप ३.० मध्ये प्लगिन नोंदला जातो, पण मेनूत दिसत नाही

लिनक्सवर गिंप (फोटो एडिटिंगचा प्रोग्राम) ३.० आहे. २.१० साठी लिहिलेला पायथन प्लगिन ३.० वर आणतोय. जुनी फाईल तशीच टाकली तर चालणार नाही हे माहीत आहे: 'गिंपफू' (जुने पायथन प्लगिन ज्यावर लिहायचे ते) मॉड्यूल ३.० मध्ये काढून टाकलंय आणि पायथन २ ऐवजी ३ लागतं. त्यामुळे कोड नव्या पद्धतीने लिहिला आहे.

प्लगिन्सच्या फोल्डरमध्ये फाईल सुटी न ठेवता त्याच नावाच्या उपफोल्डरमध्ये ठेवली आहे (३.० ला हे लागतंच, सुटी फाईल गिंप वाचत नाही). एक्झिक्यूट परवानगी दिली आहे. प्लगिनआरसी फाईल (गिंपने साठवलेली प्लगिन्सची यादी) उडवून गिंप पुन्हा सुरू केलं. टर्मिनलवरून उघडलं तरी प्लगिनची एरर येत नाही. प्रोसीजर ब्राउझरमध्ये (गिंपमधल्या नोंदलेल्या कमांड्सची यादी) नाव व्यवस्थित दिसतं, म्हणजे नोंदणी झाली असं मी धरतो. पण फिल्टर्स मेनूत एंट्री नाही, आणि '/' दाबून शोधलं तरी सापडत नाही. राखाडी झालेलीही नाही, मुळात नाहीच. उघडलेला फोटो आरजीबी आहे, प्लगिनमध्ये इमेज टाईपही तोच दिला आहे.

स्क्रिप्ट-फूत (गिंपची दुसरी स्क्रिप्ट भाषा) नव्याने लिहा हा सल्ला नको, कारण पायथनची नमपाय ही गणिती लायब्ररी वापरायचीय.

कोडमध्ये मेन्यू पाथ (एंट्री कुठल्या मेनूत हवी ते) आधी आणि मेन्यू लेबल (एंट्रीचं नाव) नंतर दिलंय. ३.० मध्ये हा क्रम उलटा असल्यामुळे एंट्री गळते का, की पाथच्या सुरुवातीला कोनी कंसातलं 'इमेज' नेमकं कसं लिहायचं यात काही चुकतंय?