जुळे सोलापुरात कार न घेता पाच जणांचं भागतं का?

नवीन_भाडेकरू
मिस्टरांची बदली झाली म्हणून मागच्या महिन्यात पुण्याहून आलोय. घरात एकच स्कूटी, ती तेच नेतात. मागं उरलो मी, पोरगी 9 ची, पोरगा 6 चा आणि सासूबाई, वय 76, गुडघ्यांनी बेजार. जो तो म्हणतो जुनी का होईना कार घ्या, पण हप्ता नकोच वाटतो. रविवारी चौघं स्कूटीवर नवी पेठेत गेलो, पोरगा पुढं उभा, पोरगी मधे चेंगरलेली, येताना भाजीची पिशवी पायाशी... परत नाही असलं करणार. तुम्ही लोक कसं करता?

आसरा_कट्टा
ताई ते स्कूटीचं खरंच बंद करा, मागं एकच माणूस चालतं आणि चार वर्षांवरच्या पोरांनाही हेल्मेट लागतं. आमच्याकडं दहा वर्षं झाली कार नाही. शाळेला महिन्याचे रिक्षावाले मामा, बाजाराला शेअर रिक्षा. आसरा चौकात उभं राहा, सात रस्त्याकडं जाणारी मिळते, बसायच्या आधी किती घेणार ते विचारा आणि ड्रायव्हरशेजारी पोरांना अजिबात बसवू नका, कितीही आग्रह केला तरी. पार्क चौकात उतरलं की सिद्धेश्वर मंदिर पायी होतं, सासूबाईंना मात्र रिक्षा दारापर्यंत न्या.

एसटीप्रेमी
बाहेरगावाचं तर टेन्शनच नाही ओ. अक्कलकोटला पाच जण गेलात तर मिस्टरांचं पूर्ण, तुमचं अर्धं (2023 पासून बायकांना सवलत आहे की), दोन्ही पोरांचं अर्धं अर्धं आणि आजी 75 च्या वर म्हणून फुकट. झाली अडीच तिकिटं. आजींचं आधार कार्ड तेवढं विसरू नका. रेल्वेच्या नादी लागू नका, अक्कलकोट रोड स्टेशन गावापासून लांब आहे, तिथून परत रिक्षा आलीच. तुळजापूरलाही एसटीनंच जा.

खरं_सांगतो
सगळं गोड गोड नका सांगू. मे महिन्यात पारा 42 च्या वर जातो तेव्हा दुपारी दीडला रिक्षाची वाट बघून दाखवा. आणि माझ्या वडिलांना एकदा रात्री दोनला दवाखान्यात न्यायचं होतं, दोन रिक्षावाल्यांनी फोनच उचलला नाही, शेवटी शेजाऱ्यांना उठवलं, त्यांच्या कारमधून नेलं. कार नको तर नको पण जवळच राहणाऱ्या तीन-चार रिक्षावाल्यांचे नंबर फ्रिजवर चिकटवा आणि 108 पोरीला पाठ करून घ्या. संक्रांतीला सिद्धेश्वराची गड्डा यात्रा असते तेव्हा होम मैदानाकडची वाहतूक वळवतात, नंदीध्वजाच्या मिरवणुकीत तर रिक्षा लांबच सोडते. अर्थात तेव्हा कारवाले आमच्यापेक्षा जास्त अडकतात, ते सोडा.

नवीन_भाडेकरू
अडीच तिकिटांचं ऐकून सासूबाई गुरुवारीच निघायचं म्हणतायत 😄 शाळेच्या मामांना आज विचारलं, पोरांना न्यायला तयार आहेत, पण रिक्षात आधीच सात पोरं आहेत. एवढी चालतात का ओ?

आसरा_कट्टा
नाही, दुसरे मामा बघा.