पश्चिमेच्या खिडकीला दोन काचा की तीन?

भाऊ, मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो, म्हणून पश्चिमेच्या खिडक्यांना दोनऐवजी तीन काचा लावाव्या का, असं तुम्ही विचारलंय. माझं मत दोनच. तिसरी काच आतल्या-बाहेरच्या तापमानातल्या फरकामुळे आत येणारी उष्णता आणखी अडवते, पण थेट ऊन तिच्यातूनही बरंच आत येतं. त्यापेक्षा ऊन परतवणारा लो-ई लेप (धातूचा अगदी पातळ थर) असलेली दुहेरी काच घ्या. लेप बाहेरच्या काचेच्या आतल्या बाजूला हवा, हे बिलावर लिहूनच घ्या. वजनही बघा: ४ मिमी काच चौरस मीटरला १० किलो भरते, तीन म्हणजे ३०. बिजागऱ्या तेवढ्या दणकट लागतात.

आणि त्या खोलीत कूलर आहे का? कूलरची हवा बाहेर जायला खिडकी उघडी ठेवावीच लागते, मग दुहेरी काचेचाही पैसा वाया. आम्ही फक्त एसीच्या खोलीला दुहेरी काच लावली. बाकीच्या खिडक्यांवर सज्जा वाढवला, बाहेरून बांबूची चटई सोडली. आईच्या खिडकीच्या गजाला दुपारी चार वाजता हात लावता येत नव्हता. आता ती तिथंच बसून वाती वळते.