लाटेवर उभा राहतोय, पण खाली उतरलं की बोर्ड थांबतो. स्पीड आणायचा कसा?

रंकाळाकाठ:
नमस्कार मंडळी. मी कोल्हापूरचा. आपल्याकडं समुद्र नाही, त्यामुळं सर्फिंग शिकायला महिन्यातनं एकदा शनिवारी रात्री निघायचं, आजरा, आंबोली, सावंतवाडी करत उजाडायच्या आत गोव्यात अश्वेला पोचायचं, असं दोन सीझन चाललंय. फेसाळ पाण्यात उभं राहणं जमलं, आता न फुटलेली लाट पण पकडायला लागलोय. बोर्ड भाड्याचा, फोमचा, ७ फूट ६ इंच. अडचण अशी की पॉप-अप होतो, म्हणजे पालथ्यावरनं झटकन उभा राहतो, लाटेवरनं खाली येताना एक क्षण भारी स्पीड लागतो आणि पायथ्याशी आलं की बोर्ड चिखलात रुतल्यासारखा होतो, मागनं फेस येऊन आदळतो आणि संपलं. मागच्या पायानं दाबून बघितलं, उड्या मारून बघितल्या, काही फरक नाही. मित्रानं किनाऱ्यावरनं व्हिडिओ काढला, त्यात टेल, म्हणजे बोर्डाचं मागचं टोक, पाण्यात बुडालेली आणि नोज, म्हणजे पुढचं टोक, वर आभाळाकडं असं दिसतंय.

दुसरं म्हणजे गेल्या खेपेला मी लाट पकडली तेव्हा डावीकडनं एकजण आधीच त्याच लाटेवर येत होता, मी त्याच्या पुढ्यात गेलो, त्याला उडी टाकायला लागली. तो ओरडला, मी माफी मागितली, पण घाटातनं परत येताना तेच डोक्यात घोळत होतं. दोन्ही नीट समजून घ्यायचंय.

झोकाताई:
भावा, उड्या मारणं पहिल्यांदा बंद कर. तू नागपंचमीला झोका चढवताना बघितलायस की नाही? आमच्या आजोळी राधानगरीकडं चिंचेच्या फांदीला कासरा बांधायचे, दोघी समोरासमोर उभ्या राहायच्या. झोका वरच्या टोकाला गेला की गुडघ्यात बसायचं, आणि खालनं पुढं जाताना ताठ उठायचं. खाली, जिथं अंग सगळ्यात जड लागतं तिथं. मागनं कुणी ढकलत नाही तरी चार हेलकाव्यांत पाय फांदीला लागायला बघतात. वरच्या टोकाला उठलं तर काहीच होत नाही, उलट झोका मरतो, हे गावातल्या दहा वर्षाच्या पोरीला पण माहीत असतं.

लाटेवर पंप करणं म्हणजे हेच. लाटेचा उतार सरळ नसतो, खाली वाकलेला असतो, परातीच्या कडेसारखा. त्या वाकणातनं बोर्ड वर वळताना तुला पायाखाली जडपणा जाणवेल. गुडघ्यात बसून त्या वाकणात यायचं आणि जडपणा लागला की पाय लांब करत त्याच्याविरुद्ध ढकलायचं. ती ताकद बोर्डाच्या वेगात जाते. वर पोचलास की गुडघे पोटाकडं घेऊन हलकं व्हायचं, नोज परत खाली वळवायचं, पुन्हा उतार. सपाट पाण्यात वाकण पण नाही आणि जडपणा पण नाही, तिथं तू कितीही दाब, बोर्ड नुसता बुडतो आणि पाणी त्याला ओढून धरतं. तू नेमकं तेच करतोयस बघ.

तीन_फिन:
ताईंचं झोक्याचं शंभर टक्के बरोबर आहे, मी पण हे लोकांना सांगणार आता. पण माझं मत थोडं वेगळं आहे, पंप ही दुसरी पायरी. हा गडी अजून सरळ किनाऱ्याकडं उतरतोय, मग झोका चढवायला त्याला फांदीच कुठं आहे?

हिशोब बघ. एक मीटरची लाट साधारण सव्वा मीटर खोल पाण्यात फुटते आणि तेवढ्या पाण्यात ती ताशी १२-१३ किलोमीटरनं किनाऱ्याकडं येत असते. तू सरळ उतरलास तर एक मीटरचा उतार एका दमात खर्च झाला, पुढं सपाट. तेच तिरकं गेलास तर लाट तुझ्याखाली नवानवा उतार तयार करत राहते, कारण तिच्या तोंडावरचं पाणी सतत वर चढत असतं. तू घसरतोयस खाली आणि पाणी तुला उचलतंय वर, म्हणून एका मीटरच्या उतारावर माणूस शंभर मीटर जाऊ शकतो. आणि तिरकं जाणाऱ्याला लाटेपेक्षा जास्त वेग लागतोच. लाटेची फुटणारी कड ४५ अंशात सरकत असेल तर जवळजवळ दीडपट, म्हणजे ताशी १८ च्या आसपास. म्हणून स्पीड लागतो, नुसता थरारासाठी नाही.

तर पहिलं काम, पॉप-अप व्हायच्या आधीच, पॅडल करतानाच, म्हणजे पालथं पडून हातानं पाणी मारत असतानाच, नोज थोडं तिरकं धर. उभा राहिलास की नजर पायाकडं नको, लाट पुढं जिथं फुटणाराय तिथं ठेव, खांदे आपोआप तिकडं वळतात. पायथ्याला जाऊच नको, लाटेच्या वरच्या भागात राहा. वजन पुढच्या पायावर. मागचा पाय हा ब्रेक आणि स्टेअरिंग आहे, ॲक्सिलरेटर पुढचा. तुझ्या व्हिडिओतली बुडालेली टेल म्हणजे हँडब्रेक ओढून गाडी चालवणं. मागच्या पायाची टाच दोन इंच पुढं सरकवली तरी फरक कळेल.

आणि लगेच छोटा बोर्ड घ्यायला पळू नकोस. साडेसात फुटी फोमचा बोर्ड पंपाला जड आहे हे खरं, पण तिरकी रेघ धरून पळायला तो चांगलाच. सायमन अँडरसननं १९८१ साली तीन फिनचा, म्हणजे बुडाला तीन पाती असलेला, बोर्ड घेऊन ऑस्ट्रेलियातली बेल्सची स्पर्धा जिंकली तेव्हापासनं सगळ्यांना तीन फिन हव्या झाल्या, पण त्या फिन काम करतात ते बोर्ड कडेवर कलता झाल्यावर. बोर्ड कलवताच येत नाही तोवर फिनवर पैसे घालू नकोस. अजून एक, अश्वेसारख्या वाळूच्या किनाऱ्यावर बऱ्याच लाटा एकदम सगळ्या लांबीनं फुटून मिटतात. तिथं जगातला कुठलाच पंप चालत नाही, ती लाट सोडून द्यायची.

रंकाळाकाठ:
दादा, ताई, मनापासनं आभार. हँडब्रेकवालं लगेच पटलं. घरी सराव करण्यासारखं काही?

झोकाताई:
बैठका मार की, तालमीच्या गावचा आहेस. फक्त मोजत बसू नकोस, लय पकड. सावकाश खाली, झटकन वर, वर पोचायच्या आधीच अंग हलकं. सर्फस्केट, म्हणजे सर्फबोर्डासारखा वळणारा स्केटबोर्ड, मिळाला तर पहाटे, फिरायला येणाऱ्यांची गर्दी व्हायच्या आत, थोड्या उताराच्या मोकळ्या रस्त्यावर जा, पाय जमिनीला न लावता नुसतं वळत किती लांब जातोस बघ. हेल्मेट घाल.

मोरजीचा_पाहुणा:
तुझ्या दुसऱ्या प्रश्नावर कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. लाट जिथं पहिल्यांदा फुटते त्याच्या सगळ्यात जवळ जो, लाट त्याची. हा नियम मानपानाचा वाटतो, पण वर दादांनी लिहिलंय ते वाचलंस तर त्याचं कारण त्यातच आहे. मागनं येणाऱ्याचा सगळा स्पीड पुढच्या कोऱ्या उतारावर अवलंबून असतो. तू मध्ये उतरलास की त्याला वरची रेघ सोडून पायथ्याला जावं लागतं आणि तिथं त्याचा पण बोर्ड तुझ्यासारखाच रुततो. वर फिनची धार अंगावर यायची भीती वेगळीच. मला एकदा पोटरीला लागलीय, सात टाके.

म्हणून पॅडल करताना शेवटच्या दोन हातांच्या आधी मान वळवून फुटणाऱ्या बाजूला बघायचं. कुणी उभा असेल तर बोर्डाची नोज वर उचलून बसायचं, लाट गेली तर गेली. बाहेर जाताना फुटणाऱ्या जागेला वळसा घालून जायचं, आणि मोठा फेस आला म्हणून बोर्ड सोडून डुबकी मारायची नाही, मागं कुणीतरी असतंच. माफी मागितलीस ते चांगलं केलंस, बहुतेक माणसं तेवढ्यावर विसरतात.

रंकाळाकाठ:
काल जाऊन आलो म्हणून लिहितोय. कमरेएवढ्या लाटा होत्या. सकाळच्या सात-आठ लाटा मिटणाऱ्याच निघाल्या, दोन वेळा मान वळवली तर माणूस दिसला, थांबलो. नऊच्या सुमाराला एक उजवीकडं जाणारी आली. नोज तिरकं धरलं, टाच पुढं घेतली, लांब झेंड्याकडं बघत राहिलो. खाली उतरलोच नाही. बोर्डाखालचा फटफट आवाज बंद झाला आणि नुसता सर्र आवाज यायला लागला, तसं उजव्या हाताला पाण्याची भिंत होती, बोटं लावली तर गार. पंप वगैरे काही आठवलं नाही. झेंड्याच्याही पुढं जाऊन उतरलो. परत पॅडल करत आलो तर गेल्या खेपेचा तोच पोरगा लाईनअपमध्ये, म्हणजे सगळे लाटेची वाट बघत बसतात तिथं, बसला होता, त्यानं हात वर केला.