भोगावतीकाठी आमचे घराणे कधी वसले? जुन्या जमीन दप्तरांतून आणि नकाशांतून शोध कसा घ्यावा?

भोगावतीकाठ यांचा प्रश्न

सर्वांना नमस्कार. आमचे गाव करवीर तालुक्यात भोगावतीच्या काठी आहे आणि मी नोकरीमुळे कोल्हापुरात राजारामपुरीत राहतो. घरात पूर्वापार असे सांगतात की आपण या गावचे मूळचे नव्हे. पाच-सहा पिढ्यांमागे आजरा-चंदगडाकडच्या डोंगरातून दोघे भाऊ इकडे आले, थोरला येथे राहिला आणि धाकटा पुढे कागलकडे सरकला. या सांगण्याला कागदाचा आधार मिळतो का, हे मला पाहायचे आहे.

सध्या हाती गट नंबर असलेला आजचा सातबारा, आजोबांच्या पश्चात झालेला वारसाचा फेरफार आणि चुलत्यांच्या पेटीत सापडलेला एक मोडी कागद एवढेच आहे. त्या कागदाच्या डोक्यावर 'सन खमस सबैन मया व अलफ' असे असल्याचे एका जाणकाराने वाचून दाखवले, पण बाकीचा मजकूर त्यांना नीट लागला नाही. शिवाय आमच्या वहिवाटीच्या एका तुकड्याला गावात 'पांढर' म्हणतात. नांगरट खोल गेली की तेथे खापरांचे तुकडे आणि क्वचित जात्याची तळी वर येते. आजोबा म्हणत, आपली पहिली घरे तिथेच होती. आजचे गावठाण तेथून बरेच वर, उंचवट्यावर आहे.

गट नंबरावरून मागे कसे जावे, कोणते कागद कोणत्या कचेरीत मागावेत आणि जुन्या नकाशात पांढरीचा काही माग लागतो का, हे जाणकारांनी सांगावे, ही विनंती.

निवृत्त भूकरमापक यांचे उत्तर

आपण क्रम उलटा ठेवा. मूळ पुरुषापासून खाली येऊ नका; आजच्या सातबाऱ्यापासून एकेक पायरी मागे चला आणि प्रत्येक पायरीला नाव व नंबर दोन्ही जुळल्याशिवाय पुढची पायरी धरू नका.

पहिला अडथळा गट नंबराचा आहे. १९४७ च्या तुकडेबंदी व एकत्रीकरण कायद्याखाली ज्या गावांत योजना लागू झाली तेथे जुने सर्व्हे नंबर आणि हिस्से मोडून गट पाडले गेले. आपल्या एका गटात पूर्वीचे दोन-तीन सर्व्हे नंबर अंशतः आलेले असू शकतात. त्यामुळे उप अधीक्षक, भूमी अभिलेख यांच्या तालुका कार्यालयातून एकत्रीकरण योजनेचा आपल्या गटाचा उतारा, ज्याला आमच्याकडे गटाचा जबाब म्हणतात, तो प्रथम घ्यावा. त्यावर जुना सर्व्हे नंबर, हिस्सा, क्षेत्र आणि त्या वेळचा खातेदार समोरासमोर मिळतो. सर्व्हे नंबर कळला की पुढचे दरवाजे उघडतात. कडईपत्रक (नंबरवार क्षेत्र, आकार व धारकाची जुनी नोंद), आकारफोड (हिस्सेवार साऱ्याची विभागणी), फाळणीचा (हिस्से पाडल्याचा) नकाशा आणि मूळ मोजणीचे टिपण (मापांचा कच्चा आराखडा) हे सर्व त्याच कार्यालयाकडे असते. जुने हस्तलिखित सातबारे आणि फेरफार मात्र तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात मागावे लागतात. दोन्हीकडे नकलेचा रीतसर अर्ज द्यावा. त्याआधी ई-अभिलेख संकेतस्थळावर आपल्या गावचे काय स्कॅन झाले आहे ते पाहावे, म्हणजे एखादा हेलपाटा वाचेल.

फेरफार वाचताना शेवटचा निकाल तेवढा वाचून पान उलटू नका. वारसाच्या नोंदीत मयताचे नाव, मृत्यूचा सुमार, मुलगे, विधवा आणि लग्न होऊन गेलेल्या मुली कोणत्या गावी दिल्या हेही पुष्कळदा लिहिलेले असते. सोयरीक ज्या पट्ट्यात होते तो पट्टा घराण्याच्या मुळाकडे बोट दाखवतो. भोगावतीकाठच्या घरातल्या मुली दोन-तीन पिढ्या सतत आजऱ्याकडे दिलेल्या आढळल्या, तर आपल्या कथेला बळ मिळेल. नावापुढे 'ए. कु. मॅ.' असेल तर तो एकत्र कुटुंबाचा मॅनेजर म्हणून लागलेला आहे, म्हणजे त्याचे भाऊ कागदावर दिसत नसले तरी होते असे समजावे. 'अ. पा. क.' असेल तर मालक अज्ञान होता आणि त्याची आई किंवा चुलता पालनकर्ता होता. अशा नोंदीवरून बाप तरुणपणी वारल्याचेही कळते. जुन्या कागदांत आडनाव बहुधा मिळत नाही, 'राणू बिन सुभाना', म्हणजे सुभानाचा मुलगा राणू, एवढेच असते. आडनाव शोधणारा तेथे हताश होतो, पण बापाचे नाव मिळाल्यामुळे एका ओळीत दोन पिढ्या हाती येतात, याकडे लक्ष असू द्यावे.

आता नकाशा. गावचा मूळ नकाशा एका इंचास वीस साखळ्या या मापाचा असतो, साखळी तेहतीस फुटांची, म्हणजे आठ इंचांना एक मैल. त्यावर सर्व्हे नंबरांच्या हद्दी, गावठाण, विहिरी, देवळे, ओढे, गाडीवाटा आणि पाणंदी दाखवलेल्या असतात. पांढरीचा नंबर ओळखला की त्याच्याभोवतीच्या वाटा पाहा. जेथे आज काहीच नाही अशा ठिकाणी तीन-चार पाणंदी एकवटत असतील, जवळ बांधीव विहीर किंवा मारुतीचे ठाणे असेल, तर तेथे वस्ती होती असे मानण्यास जागा आहे. वाटा वस्तीपेक्षा चिवट असतात. क्यूजीआयएससारख्या नकाशांच्या संगणक प्रणालीत हा नकाशा उपग्रहचित्रावर बसवता येतो, मात्र बांधांच्या कोपऱ्यांवर विसंबू नका, कारण बांध सरकतात. तीन गावांच्या शिवा जेथे मिळतात ते दगड, जुनी देवळे आणि विहिरी यांना खुणा धराव्यात.

चंदगडची लेक यांचे उत्तर

वरील मार्गदर्शन करवीरच्या बाजूने अगदी योग्य आहे. आजरा-चंदगडाकडच्या बाजूने शोध घेताना एक गोष्ट आधी ठरवावी लागेल, ती म्हणजे त्या काळी ते गाव कोणाच्या अमलाखाली होते. आज आपण आजरा आणि चंदगड ही नावे एका दमात घेतो, पण दोहोंची दप्तरे निरनिराळी आहेत. आजरा इचलकरंजी जहागिरीत होता. चंदगड इंग्रजी अमलात बेळगाव जिल्ह्याचा भाग होता आणि १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत बेळगाव म्हैसूर राज्यात गेल्यावर तो कोल्हापूरला जोडला गेला. आपले भोगावतीकाठचे गाव करवीर संस्थानच्या खालशात, म्हणजे थेट अमलात, होते की कोणा सरदाराला जहागीर वा इनाम दिलेले होते, हेही पाहावे. कागल, बावडा, विशाळगड, कापशी या जहागिरींचा कारभार आपापल्या कचेऱ्यांतून चालत असे आणि संस्थानाचे विलीनीकरण १ मार्च १९४९ रोजी झाले. त्यापूर्वीचा कागद तहसिलीत मिळाला नाही म्हणून तो नष्टच झाला असे समजू नये.

संस्थानी दप्तरांसाठी कोल्हापूर पुरालेखागारात जावे. ही राज्याच्या पुराभिलेख संचालनालयाची शाखा आहे आणि तेथे करवीर दरबारची दप्तरे आहेत. जाताना गावाचे नाव, जुना पेटा (महसुली विभाग) आणि साधारण साल एवढे तरी सोबत असावे. केवळ आडनाव सांगून तेथे काही निघत नाही.

आणखी एक. शाहू महाराजांनी १९१८ साली कुलकर्णी वतने बंद करून पगारी तलाठी नेमले. त्याआधीचे गावदप्तर कुलकर्ण्याच्या घरी असे आणि ते सगळेच्या सगळे सरकारजमा झाले असे नव्हे. गावच्या जुन्या कुलकर्णी घराण्याचे वंशज आज पुण्या-मुंबईला असले तरी त्यांच्याकडे विचारणा करावी. माझ्या मते या शोधात सर्वाधिक दुर्लक्षित राहतो तो हाच दुवा.

मोडीवाचक यांचे उत्तर

कागद न पाहता मजकुराविषयी बोलणे योग्य नव्हे, परंतु सालाविषयी बोलता येईल. खमस म्हणजे पाच, सबैन म्हणजे सत्तर, मया म्हणजे शंभर आणि अलफ म्हणजे हजार. एकूण सुहूर सन ११७५; जुन्या मराठी कागदांवर अरबी अंकशब्दांत लिहिला जाणारा सन तो हाच. सुहूर सनाचे वर्ष मृगापासून सुरू होते, म्हणून जूनपासून डिसेंबरपर्यंत ५९९ आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६०० मिळवावेत. आपला कागद इ. स. १७७४-७५ चा ठरतो. पुढे फसली (महसुली) सन आढळला तर गोंधळू नका, तो सुहूर सनापेक्षा नऊने अधिक असतो. या कागदाच्या वर्षी फसली ११८४ होता.

येथे एक अडचण आपण ध्यानात घ्यावी. पाच-सहा पिढ्या म्हणजे फार तर दीडशे ते पावणेदोनशे वर्षे. हा कागद अडीचशे वर्षांपूर्वीचा आहे. म्हणून कागद आपल्या आजच्या गावचा आहे असे गृहीत धरू नये. तो जुन्या गावाहून बरोबर आणलेला असू शकतो, आणि तसे असेल तर आपले उत्तर त्याच्या पहिल्या दोन-तीन ओळींतच आहे. 'मौजे' या शब्दापुढे गावाचे नाव, त्यानंतर तर्फ किंवा कर्यात (गावांचा गट) आणि मग प्रांत, अशी मांडणी असते. गावाचे नाव लागले नाही तरी तर्फेचे नाव लागले की शोधाचा परीघ वीस-पंचवीस गावांवर येतो. कागदाच्या शेवटी 'मोर्तब सुद' किंवा 'लेखनसीमा' असा शिक्का आहे का, तेही पाहावे. शिक्का असेल तर तो सरकारी कागद आहे आणि त्याची नोंद दरबारी दप्तरातही असण्याचा संभव आहे. नसेल तर घरगुती वाटणी, कर्जरोखा किंवा गोतातील समजपत्र असेल. वंश लावण्यासाठी ते अधिकच उपयोगी, कारण त्यात भाऊबंदांची नावे साक्षीला असतात.

कागद घडीवर फाटत असेल तर चिकटपट्टी मुळीच लावू नये. ढगाळ उजेडात, सपाट ठेवून, दोन्ही बाजूंचे छायाचित्र घ्यावे. पाठीमागचा एखादा शेराच पुष्कळदा कामाला येतो.

भोगावतीकाठ

आपणा सर्वांचा आभारी आहे. गटाचा जबाब आणि कडईपत्रकाची नक्कल मिळाली. आमचा गट तीन जुन्या सर्व्हे नंबरांतून झाला आहे. दोन नंबर पणजोबांच्या नावे आहेत, परंतु ज्या नंबरात पांढर आहे तो देवस्थान इनाम म्हणून लागलेला असून आमचे नाव तेथे पुढच्या काळात कूळ म्हणून आले आहे. मग आजोबांचे 'पहिली घरे तिथेच होती' हे म्हणणे चुकीचे मानावे काय?

निवृत्त भूकरमापक यांचे उत्तर

चुकीचे म्हणता येणार नाही, पण त्या कागदावरून ते सिद्धही होत नाही. दोन प्रश्न वेगळे करा. पांढर ही गावाची जुनी वस्ती होती का, हा पहिला. आणि त्या वस्तीत आपले घर होते का, हा दुसरा. खापरे, जात्याची तळी आणि पाणंदी यांवरून पहिल्याचे उत्तर बहुधा होय असे येईल. नदीकाठची वस्ती महापुरांमुळे वर सरकणे आपल्या भागात नवीन नाही, आणि गाव उठून गेल्यावर मोकळी झालेली जागा देवाच्या दिवाबत्तीसाठी लावून देणे हेही समजण्यासारखे आहे. दुसऱ्या प्रश्नाला जमिनीचा कागद उत्तर देत नाही, कारण तो सारा कोण भरतो हे सांगतो, राहतो कोण हे नव्हे.

कुळाची नोंद मात्र कमी लेखू नका. १९४८ च्या कुळकायद्याच्या आणि १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनाच्या (कसणारे कूळ जमिनीचे मालक मानले गेले त्या दिवसाच्या) पुढेमागे झालेल्या चौकशांत कुळांचे व शेजाऱ्यांचे जबाब घेतले गेले. देवस्थान इनामाला त्या कायद्यातील खरेदीच्या तरतुदी सरसकट लागू नव्हत्या, म्हणून आपल्या नंबराबाबत कलम ३२ ग ची (कुळाला जमीन विकत देण्याची) कारवाई झाली नसेल, पण कूळ असल्याबद्दलची चौकशी झालेली असू शकते. त्या प्रकरणाची फाईल तहसिलीत निघाली तर 'माझा आजा ही जमीन कसत होता' अशा स्वरूपाचे विधान, तेही आपल्याच पणजोबांच्या तोंडचे, मिळण्याची शक्यता आहे. फेरफारावर प्रकरणाचा क्रमांक असतो. तोच अर्जात लिहावा.

शाहूपुरीकर यांचे उत्तर

कागदांविषयी सर्व सांगून झाले आहे, म्हणून कागदाबाहेरचे एक साधन सुचवतो. आपल्या घरी हेळवी येतात का? सुगीनंतर बैल घेऊन येणारे, घराण्याची वंशावळ म्हणून दाखवणारे आणि धान्य घेऊन जाणारे हेळवी दक्षिण महाराष्ट्रात पुष्कळ घरांना बांधलेले आहेत आणि त्यांच्याकडे पिढीजात वह्या असतात. मूळ गाव, तेथून कोण निघाले, कोणाचा वंश कोठे गेला हे ते सांगतात. त्यांचे म्हणणे जसेच्या तसे स्वीकारू नये, वरच्या पिढ्यांत यजमानाचा मान राखण्याकडे कल असतो. पण खालच्या पाच-सहा पिढ्या फेरफाराशी ताडून पाहिल्या की वही कितपत विश्वासार्ह आहे हे ठरते. कागलकडे गेलेल्या धाकट्या भावाच्या वंशजांना बहुधा तोच हेळवी असेल. त्या घरी जाऊन दोन्हीकडच्या नावांची यादी एकमेकांना न दाखवता लिहून घ्यावी आणि मग जुळवावी. पंढरपूरच्या बडव्या-उत्पातांकडे किंवा गोकर्णाच्या उपाध्यायांकडे पूर्वजांनी नाव लिहिले असेल तर तेथेही गावाचे नाव मिळते, कारण यात्रेकरू स्वतःचे गाव सांगूनच वहीत नोंद करून घेत असे.

भोगावतीकाठ

हेळवी येतात; गेल्या वर्षी आले नव्हते, परंतु त्यांचा मुक्काम संकेश्वरच्या बाजूला असतो असे आई सांगते. कागलच्या घराचाही ठावठिकाणा आहे. मोडी कागदाची छायाचित्रे नावे झाकून येथे चढवत आहे. 'मौजे' नंतरचे दुसरे अक्षर 'व' आहे की 'ळ' यावर माझे चुलते आणि मी सहमत नाही, तेवढे मोडीवाचकांनी पाहून सांगावे.